दोन मिलिमीटर त्वचा

रावसाहेब चौगुल्यांच्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे थोडे खाली, गुलाबी आंत्रमुखाभोवती उघड्या त्वचेचे एक बारीक कडे होते. त्याची रुंदी दोन मिलिमीटर होती. डॉ. वैजयंती मगदूमने त्वचादर्शक त्यावर धरला आणि पडद्यावरचे आकडे वाचले. लाली शून्य. ओल शेजारच्या त्वचेइतकीच. ऑपरेशनला सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत त्या दोन मिलिमीटरला लागून रोज जवळजवळ लिटरभर आंत्रद्रव वाहून गेला होता. त्वचेने त्याची दखलही घेतलेली नव्हती.

वैजयंती तरीही बघत राहिली.

"मॅडम, पोटाकडं इतकं निरखून आमच्या मंडळींनी पण कधी बघितलं न्हाई," चौगुले म्हणाले. सांगलीच्या बाजारात हळद तोलणारे हे गृहस्थ तोंडानेही तोलूनमापून बोलत.

"त्यांना ते भरायचं काम होतं, बघायचं नव्हतं," रूथसिस्टर म्हणाल्या. "हलू नका."

रूथ सातपुते एकतीस वर्षे हेच काम करत होत्या. मोठे आतडे काढून टाकले की लहान आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून शिवतात. ते आंत्रमुख. त्यावर पिशवी बसते आणि पिशवीला धरून ठेवणारी चिकट चकती त्वचेवर बसते. चकतीतले छिद्र आंत्रमुखाहून जेमतेम दोन मिलिमीटर मोठे ठेवायचे असते. लहान पडले तर आतड्याला कापते, मोठे झाले तर त्वचा उघडी पडते आणि जळते. लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवात पाचक विकरे असतात. डाळीचे, मटणाचे बारीक तुकडे करणे हा त्यांचा धर्म. समोर आलेले प्रथिन ताटातले आहे की माणसाच्या कातडीतले, हे त्यांना कळत नाही.

वैजयंतीला हे तेराव्या वर्षापासून माहीत होते. तिचे वडील निपाणीला गणित शिकवत. त्यांच्या आंत्रमुखाभोवतीची कातडी सोलल्यासारखी लाल असे. आई मायेने तिथे खोबरेल लावायची. तेलावर चकती टिकत नसे, मग गळती वाढे आणि गळतीने जखम वाढे. चकती बदलताना वडील शर्ट हनुवटीखाली धरून पंख्याखाली उभे राहत आणि दात आवळून एकोणतिसाचा पाढा म्हणत. पलीकडच्या खोलीत बसलेल्या वैजयंतीला तो पाढा त्यामुळेच पाठ झाला होता.

आणि आता पाळी तिची होती. बारा वर्षे तिच्या मोठ्या आतड्यात व्रण होते. तीन वर्षांपूर्वी तपासणीत पेशी बदलू लागलेल्या दिसल्या. शल्यविशारद डॉ. हर्डीकरांनी तिला स्पष्ट सांगितले होते की कर्करोग होण्याआधी ते आतडे काढायला हवे आणि आंत्रमुख कायमचे राहील. त्वचा राखणारे जे जीवकडे आपण तयार करत आहोत ते आधी सिद्ध होऊ दे, मग बघू, असे वैजयंती म्हणाली. दर सहा महिन्यांनी ती तेच म्हणत आली. गेल्या महिन्यातला अहवाल आधीच्यापेक्षा वाईट होता. तुमचे आतडे तुमच्या प्रयोगासाठी थांबलेले नाही, एवढेच हर्डीकर म्हणाले.

जीवकड्याची कल्पना साधी होती. माणसाच्या त्वचेवर मुळातच असंख्य निरुपद्रवी जिवाणू राहतात. रुग्णाच्या त्वचेवरचा एक जिवाणू घ्यायचा आणि तो शेकडो पिढ्या विकरांच्या द्रावणात वाढवायचा. जे विकराला कुलूप घालणारा रेणू बनवतील तेच जगतील. असे तगलेले जिवाणू एका मऊ कड्यात मुरवून ते कडे आंत्रमुखाभोवती बसवायचे. मग त्वचेची राखण त्वचेवरचे रहिवासीच करतील.

मिरजेत चाळीस रुग्णांना कडे दिले. अडतीस जणांची त्वचा चौगुल्यांसारखी राहिली. लातूरच्या केंद्रात चाळीस जणांना दिले. तिथे त्वचा शाबूत राहिली फक्त सहा जणांची. कृती, साहित्य, प्रयोगशाळा, सगळे एकच होते. पहिला टप्पा असल्यामुळे कडे न दिलेले रुग्ण तुलनेसाठी दोन्हीकडे नव्हते. दोन आठवड्यांनी तज्ज्ञांच्या समितीपुढे हे मांडायचे होते. समितीने काम थांबवले तर वैजयंती ज्याची वाट बघत होती ते कधीच येणार नव्हते.

तिचा सहकारी डॉ. जुनैद मुजावर जनुकवाचक सांभाळत असे. चौगुले गेल्यावर त्याने तिला पडद्यापुढे बसवले.

"आधी वाईट बातमी," तो म्हणाला. "आपला जिवाणू चौथ्या दिवशी मेला. लातूरला मेला तसाच मिरजेतही मेला."

"मग इथली त्वचा कोण राखतंय?"

"दुसराच कुणीतरी. कुलूपरेणू तोही बनवतो, आपल्यापेक्षा सरस बनवतो. आणि गंमत बघ, प्रत्येकाचं कडं आपण त्याच्याच त्वचेपासून केलं होतं. म्हणजे अडतीस माणसांवर अडतीस वाण हवेत. इथं एकच आहे. सख्खी भावंडं म्हणावीत इतका एक."

अडतीस अनोळखी माणसांना एकच पाहुणा भेटतो, याचा अर्थ तो एकाच दारातून आलेला असतो. दोघांनी पाणी तपासले, साबण, चादरी, पिशव्यांचे खोके तपासले. कुठेच काही मिळाले नाही. त्वचा बिघडलेल्या दोघा मिरजकरांची कागदपत्रे जुनैदने चाळली. त्या दोघांची ऑपरेशने एकाच आठवड्यात झाली होती. त्या आठवड्यात रूथसिस्टर भाचीच्या लग्नाला जालन्याला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वैजयंती सकाळपासून सिस्टरांच्या खोलीत बसून राहिली. सिस्टर मोजे घालून जुनी चकती काढत, कोमट पाण्याने त्वचा धूत, टिपून कोरडी करत. मग मोजे उतरवून हात धूत, नवी चकती कात्रीने कापत. आणि कापल्यावर उजव्या हाताची उघडी तर्जनी छिद्राच्या कडेवरून आतून गोल फिरवत. दोनदा, तीनदा. नेमकी तीच कड पुढे त्या दोन मिलिमीटरला टेकत असे.

वैजयंतीने कारण विचारले. कात्रीने कड खरबरीत राहते, सिस्टर म्हणाल्या. ती आंत्रमुखाला टोचते. मोजा घातला की ते कुसळ कळत नाही, उघड्या बोटालाच कळते.

लातूरच्या चकत्या छिद्रयंत्रातून गुळगुळीत कापलेल्या जात. सगळीकडे एकसारखेपणा हवा म्हणून ते यंत्र वैजयंतीनेच सुचवले होते. मिरजेलाही एक आले होते. ते कपाटावर झाकून ठेवलेले होते, कारण रूथसिस्टरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

जुनैदने सिस्टरांच्या तर्जनीचा नमुना घेतला. तो घेत असताना वैजयंतीने सहज विचारावे तसे विचारले, की सुरुवातीच्या दिवसांत हातांना कधी काही झाले होते का.

झाले होते. पहिल्या नोकरीत, तालुक्याच्या लहान दवाखान्यात, मोजे दिवसाला एकच जोड मिळत आणि तो दुपारपर्यंत फाटे. दोन वर्षे बोटांची सालपटे निघत होती. भाकरी थापताना पिठाला रक्त लागे, म्हणून सासूबाई त्यांना परातीला हात लावू देत नसत. पण नोकरी सोडावी असे काही वाटले नाही, समोरच्या माणसाचे पोट त्याहून वाईट असायचे. तिसऱ्या वर्षी आपोआप थांबले. "मला वाटलं, हात निबर झाले," सिस्टर म्हणाल्या.

निष्कर्ष तीन दिवसांनी आला. अडतीस जणांवरचा जिवाणू सिस्टरांच्या तर्जनीवरचाच होता. रुग्णालयात जुनी म्हण होती, रूथसिस्टरच्या पेशंटला जळजळ होत नाही. सगळे ते त्यांच्या शिस्तीचे फळ समजत. शिस्त होतीच. बाकीचे कुणी मोजलेच नव्हते.

हे ऐकून सिस्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे एकतीस वर्षं माझे हात स्वच्छ नव्हते?"

जुनैदने समजावले की धुण्याने वरवरचे जंतू जातात. हा बोटांच्या रेषांत मुक्काम ठोकून राहिलेला, सिस्टरांचा स्वतःचा रहिवासी होता, आणि निरुपद्रवी होता. मग तो वैजयंतीकडे वळला.

"आपण त्याला काचेच्या बशीत एकच धडा शिकवला, विकराचा. त्वचेवर गेल्यावर घाम, साबण, घर्षण, थंडी सगळं एकदम आलं आणि तो मेला. सिस्टरच्या हातांनी त्याला अख्खा संसार शिकवलाय. बशीत ठेवून बघितला, तर आठ दिवसांत कुलूप बनवायचं विसरतो. विकर आणि जिवंत कातडी दोन्ही असेल तिथंच टिकतो. कड्यात भरून विकायला अजून दहा वर्षं तरी लागतील."

"म्हणजे आपलं जीवकडं फसलं," वैजयंती म्हणाली. जुनैदने मान हलवली. पण त्यामागची कल्पना खरी होती, तो म्हणाला; फक्त ती आपल्या कितीतरी आधीपासून कुणीतरी न बोलता अमलात आणत होते.

वैजयंतीने त्याच दुपारी समितीचा अहवाल लिहिला. जीवकडे निष्फळ ठरले, हे पहिल्याच वाक्यात घातले. वाहक म्हणून रूथ सातपुते यांचे नाव संशोधकांच्या यादीत सर्वांत वर घातले आणि त्यांच्या पद्धतीचे वर्णन पायरी न गाळता लिहिले. मग तो दाखवायला ती त्यांच्या खोलीत गेली. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. तोवर त्यांच्या हाताखाली आणखी तीन परिचारिकांनी उघड्या बोटाने कड घासायला शिकावे, म्हणजे तो रहिवासी त्यांच्याही बोटांवर मुक्कामाला येईल, अशी शिफारस शेवटी होती.

सिस्टरांनी अहवाल वाचला. स्वतःच्या नावावरून त्यांनी नजर लवकर पुढे नेली.

"मॅडम, एक विचारू? दोन वर्षांपूर्वी तुम्ही धडधाकट पोटावर चकती लावून आठवडाभर हिंडत होतात. साडीच्या निऱ्या सरकल्या होत्या. मला वाटलं, प्रयोग असेल. पण पेशंटचं पोट उघडलं की तुम्ही श्वास धरता. तो प्रयोगाचा नसतो."

वैजयंतीने सांगितले. वडिलांचे, पाढ्याचे, तीन वर्षांचे, गेल्या महिन्यातल्या अहवालाचे.  सगळे ऐकून झाल्यावर सिस्टरांनी एवढेच विचारले की आता अजून कशाची वाट बघायची आहे.

वैजयंतीने उत्तर शोधून पाहिले. कडे सिद्ध होण्याची वाट ती बघत होती, आणि कडे फसले होते. पण ज्या गोष्टीसाठी कडे हवे होते ती गोष्ट तीन वर्षे याच खोलीत, तिच्या टेबलापासून वीस पावलांवर, रोज सकाळी नऊ वाजता हात धूत होती. इतकी मोजमापे घेणाऱ्या बाईने तेवढे अंतर कधी मोजले नव्हते. बशीत न रमणाऱ्या त्या रहिवाशाला राहायला आणखी एक त्वचा मिळाली तर त्याचेही भलेच होणार होते, पण हा विचार नंतरचा. आधीचा विचार फक्त आतड्याचा होता, जे थांबणार नव्हते.

ऑपरेशनपूर्वी आंत्रमुखाची जागा सिस्टरच ठरवत. माणूस बसला, वाकला, उभा राहिला की घडी कुठे पडते ते बघून शाईने फुली मारत. वैजयंतीने खोलीचे दार लोटून घेतले आणि तपासणीच्या स्टुलावर येऊन बसली.

"सिस्टर, माझ्या पोटावर फुली मारा. हर्डीकरांना मी आत्ता फोन करते. आतडं काढून टाकायचं ठरलंय माझं."