चार मिनिटं हलायचं नाही

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण तिखटमीठ लावून मी यातलं एक अक्षरही सांगत नाहीये. आणि हो, हे रात्री घडलेलं नाही. मंगळवार होता, दुपारचे बारा, आणि शहरातला एक गजबजलेला चौक.

माझा दादा फोटोग्राफर. रस्त्यांवरचे फोटो काढतो. स्वस्थ बसेल तर शपथ! बसला की त्याचा उजवा पाय सुरू. टेबल हलतं, कपबशा वाजतात. आई त्याला भिंगरी म्हणते.

त्याला एका हॉटेलाचं काम मिळालं होतं. भिंतींवर लावायला बारा मोठे फोटो. भरदिवसाचं शहर, पण माणूस एकही नको.

याची एक युक्ती असते. लेन्सवर काळी काच लावायची आणि कॅमेरा चार मिनिटं उघडा ठेवायचा. जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. माणसं, गाड्या, सगळं पुसलं जातं. स्थिर असेल तेवढंच उरतं.

चौकासमोर चष्मेवाल्या काकांचं दुकान आहे. त्यांच्या वरच्या गॅलरीत आम्ही कॅमेरा लावला. माझं काम म्हणजे एका हातात जुनं स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात कॅमेऱ्यावर छत्री.

पहिला फोटो आला. रस्ते रिकामे. सिग्नल, बसथांबा...

आणि रस्त्याच्या मधल्या कट्ट्यावर, दिव्याच्या खांबाशी, एक माणूस.

अगदी ठळक. मान वर करून आमच्याकडे बघत होता.

आम्ही दोघांनी वाकून खाली पाहिलं. खांबाशी कुणीच नव्हतं.

पुन्हा काढला. या वेळी मी चारही मिनिटं खांबावरून नजर हटवली नाही. तिथं कुणी आलं नाही.

फोटोत तो होताच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सिग्नलसाठी कट्ट्यावर माणसं दाटीवाटीने थांबायची. पण खांबाजवळची हातभर जागा... कायम मोकळी.

"तीस वर्षं बघतोय," काका म्हणाले. "तिथं कुणी थांबत नाही. नवखा माणूससुद्धा वळसा घालून जातो. का, ते मला विचारू नका."

"कॉम्प्युटरवर पुसून टाक ना त्याला," मी दादाला म्हटलं.

"पुसायचंच होतं तर इथं घाम कशाला गाळला?" दादा हट्टाला पेटला. "मीच जाऊन उभा राहतो तिथं. बघू तरी फोटोत किती जण येतात! झालं की छत्री हलव, बारके."

"चार मिनिटं? तू? पाय आवरेल का?" मी हसले.

मी त्याला अडवायला हवं होतं. मी हसले.

तो खांबाशी जाऊन उभा राहिला. मी बटण दाबलं. एक मिनिट. उजवा पाय हलतच होता. दोन मिनिटं...

तिसऱ्या मिनिटाला चौकाचा आवाज गेला.

गाड्या धावत होत्या, माणसांची तोंडं हलत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. फक्त माझ्या हातातलं स्टॉपवॉच... टिक... टिक...

आणि दादाचा पाय थांबला.

चार मिनिटं झाली, मी छत्री हलवली. तो वळला, जिना चढून वर आला. तेव्हा कुठे हॉर्न परत ऐकू यायला लागले.

फोटोत चौक रिकामा होता. तो माणूस नव्हता.

दादाही नव्हता.

"छान आलाय," तो फोटोकडे न बघताच म्हणाला. "घरी जाऊ."

पहिले दोन दिवस आईने थट्टा केली, "थांबली म्हणायची भिंगरी एकदाची!" मग ती थट्टा करेनाशी झाली. दादा जेवतो, बोलतो, हसतोसुद्धा. पण बसला की बसलेला. कपबशा वाजत नाहीत. एकदा भांडी विसळता विसळता आईने मला हळूच विचारलं, "हा आपलाच आहे ना गं?"

मागच्या आठवड्यात दादाचा कॅमेरा घेऊन मी एकटीच त्या गॅलरीत गेले. बरोबर बारा वाजता. घरी फोन करून विचारलं. दादा आईसमोरच बसला होता.

बटण दाबलं. चार मिनिटं.

खांबाशी माणूस होता. दादाचा शर्ट. मान वर. मी फोटो मोठा करून पाहिला. सगळा ठळक होता, डोळेसुद्धा.

फक्त उजवा पाय... गुडघ्याखाली धूसर.

तो अजून हलत होता.

मी तिथंच बसून रडले. खाली उतरून त्या जागी उभं राहावं, असं मनात आलं. सख्खी बहीण मी त्याची, पण माझी हिंमत झाली नाही.

फोटो मी आईपासून लपवला होता. परवा तिला सापडला. तिने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाली, "त्या चौकात कसं जायचं, सांग मला. चार मिनिटं काय, उभी राहीन की मी. मला कुठे पाय हलवायची सवय आहे?"

मी अजून पत्ता सांगितलेला नाही. बाहेरच्या खोलीत तो शांत बसलेला असतो. आणि बारा वाजत आले की आई चपला घालून माझ्या दाराशी येऊन उभी राहते.