झंडीचा डॉक्टर

गेट बंद होतं. पोलाद कारखान्यासाठी लोखंडाचे दगड भरलेली मालगाडी ऐन फाटकावर येऊन थांबली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. ट्रकवाले भोंगे वाजवून वाजवून दमले होते. त्या सगळ्या लाल धुरळ्यात, अगदी आमच्या क्वार्टरच्या कुंपणाला टेकून, एक सायकलवाला उभा होता. कॅरिअरला चामड्याची बॅग, खिशातून लोंबणारी रबराची नळी.

"तो पाह्य भामे, सरकारी ढोर-डॉक्टर," शेजारच्या अंजनाकाकू माझ्या कानाशी लागल्या. "कुरुद गावाले कोणाचा बैल पाहाले चालला असंल. विचार ना त्याले!"

विचारायचं तर होतंच. आत खाटेखाली आमची कुत्री कण्हत पडली होती. आदल्याच दिवशी एक ट्रक मागं घेताना तिच्या मागच्या पायावरून गेला होता. पण सरकारी दवाखान्यात शेतकऱ्याच्या गुराढोरांना औषध फुकट, आणि कुत्र्या-मांजराला मात्र फी, कारण ते शौकाचं जनावर. आणि आम्ही पडलो रेल्वेवाले! पास फुकट, क्वार्टर फुकट, दवाखाना फुकट. औषधाला पैसे मोजायचे म्हटलं की आमच्या जिवावरच येतं. मी पदर खोचला अन् ठोकून दिलं.

"डॉक्टर, आमच्या वासराचा पाय मोडला."

त्यानं वळून पाहिलं. डोळे असे शांत, असे साधे... की मला तिथल्या तिथं लाज वाटली. पण आता तोंडातून निघून गेलं होतं.

"केवढं हाय वासरू?"

"लहानच हाय."

"पाय किती लांब?"

मी घाईघाईत हाताची वीत दाखवली. तो त्या वितीकडे पाहतच राहिला.

"किती दिवसाचं हाय?"

"दिवसाचं? अवो, चार वर्षांचं हाय ते!"

"चार वर्षांचं वासरू... वीतभर पायाचं." त्यानं अगदी गंभीरपणे मान डोलावली. "बरं, खाते काय?"

"भाकर. अन् कधी कधी हाडू—"

जीभ चावली मी. पण काय उपयोग!

"रात्री भुंकत बी असंल?" त्यानं विचारलं.

अंजनाकाकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या. माझे कान तापले. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुनाच स्वभाव. "मंग काय करू?" मी म्हटलं. "फी परवडत नाही तं खोटंच बोला लागते ना माणसाले!"

"मी रागावलो कुठी?" तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची... हे मी पाहिलं नाही, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. "चला, दाखवा तुमचं वासरू. नाव काय त्याचं?"

"झंडी. शेपूट सदा वर राह्यची तिची."

आत येऊन तो सरळ जमिनीवर बसला. झंडीला हात लावला नाही, नुसता तिच्या नाकापुढं धरला. तिनं हुंगला, थोडा वेळ विचार केला आणि चाटला. मगच त्यानं पायाला बोट लावलं. नाव त्याचं तेजराम. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

बाबा गेटवरून आले आणि दारातच थबकले. माझे बाबा, गुलाबराव, त्या फाटकाचे गेटमन. आई गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे, आणि तेही भिंतीकडे बघून. मी दिसायला हुबेहूब आईसारखी, त्यांना बघवायचं नाही. जे काही मनातलं असेल ते झंडीला सांगायचे. "झंडे, आज भाजीत मीठ जास्त झालं गं. पोट्टी थकली असंल." मी चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. तेवढंच माझं बापाशी बोलणं. ट्रक पायावरून गेल्यापासून ते तिच्याशीही बोलले नव्हते. घरात भांड्याचा आवाज झाला तरी दचकायला व्हायचं. झंडी गेली तर बाबा कायमचे मुके होतील, हीच मला भीती होती.

मोठा डॉक्टर बाबांनी करून पाहिला होता. रायपूरहून तो कारखान्याच्या साहेबलोकांच्या बंगल्यांवर यायचा, त्यांचे केसाळ कुत्रे पाहायला. त्याच सकाळी बाबांनी बंद गेटवर त्याच्या मोटरपुढं हात जोडले होते. त्यानं काच अर्धी उतरवली, बाबांच्या हातातल्या झंडीकडे तिथूनच पाहिलं आणि पाय कापावा लागेल, रायपूरला आणा, म्हणाला. खर्च सांगितला तो बाबांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. नाहीतर सुई देऊन सोडवू बिचारीला, म्हणाला. माणूस वाईट नव्हता हो. पण काच काही पूर्ण उतरवली नाही त्यानं.

"पाय वाचते का ते पाहू," तेजराम म्हणाला. बांबूच्या कामट्या लावून त्यानं प्लास्टर केलं. मग हात धुता धुता जरा चाचरतच बोलला, "फी मात्र घ्या लागेल बाई. सरकारी पावती हाय, माझ्या हाती नाही. येईन तेव्हाची तेव्हा देत जा."

सोडली असती फी तर मला तो इतका आवडला असता का, कोण जाणे!

मग मी डोकं चालवलं. गेट बंद झालं की ट्रकवाले अडकतात, आणि अडकलं की माणसाला भूक लागते. मी मुरमुऱ्यांचा चिवडा केला, वरून कांदा, मिरची, लिंबू, आणि कागदाच्या पुड्या बांधून कुंपणापाशी उभी राहिले. "ए बहिनी, दो पुड़िया इधर!" दिवसभर तेच. आजवर मालगाडी लांब असली की मी कावायची, आता लांब गाडी दिसली की मनात लाडू फुटायचे. झंडीची फी आरामात सुटू लागली.

चिवडा सगळ्यात जास्त कोण खायचं, सांगायला पाहिजे का?

"तिखट हाय," डोळ्यातलं पाणी पुसत तेजराम म्हणायचा.

"तं नका खाऊ!"

"...अजून एक पुडी द्या."

एकदा तर कहरच झाला. गाडी निघून गेली, बाबांनी गेट उघडलं, ट्रक भरधाव सुटले, आणि हा बाप्पा सायकल धरून उभाच.

"गेट उघडं हाय, डॉक्टर."

"हो का? मले वाटलं गाडी येऊन राहिली."

"आत्ताच गेली तुमच्या समोरून!"

"मंग... दुसरी येईल."

दुसरी तासाभरानं होती. तो थांबला. मीही घरात गेले नाही. काय बोललो ते विचारू नका, त्याच्या गावच्या धानाच्या शेतातल्या बांध्या, माझ्या आईच्या हातच्या पातोड्या, असलंच काहीबाही. पण त्या तासात मी पार कामातून गेले, हे खरं.

आणि नेमकं तेव्हाच झंडीचा पाय बिघडला.

प्लास्टर कापलं तसा घरभर वास सुटला. पंजा काळा, थंडगार. झंडीचं अंग तापानं फणफणत होतं. तेजरामनं मान खाली घातली.

"मीच चुकलो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कापाले पाहिजे होता. हिंमत नाही झाली माझी. आता तिले रायपूरले न्या. खर्च मी देतो."

"तुम्ही कावून देता?" मी उसळले. "अन् तिथवर वाचते का ती? तुम्हाले येत नाही का कापता?"

"बैलाचं शिंग कापलं हाय. कुत्र्याचा पाय... कॉलेजात एकदा पाहिला होता फक्त. खोटं कावून सांगू?"

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तेजरामकडे पाहिलं, झंडीकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे ठरवायचं मलाच होतं.

"रायपूरवाल्याले सगळं येते, पण तो मोटरीतून खाली नाही उतरला," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्या दिवसापासून तिच्याजवळ जमिनीवर बसले. तुम्हीच करा."

फाटकाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडी आली की ताटातली वाटीसुद्धा नाचते. म्हणून आम्ही सकाळची मालगाडी आणि दुपारची पॅसेंजर यांच्या मधली शांत वेळ धरली. बाबांची ड्यूटी होती, ते गेटवर गेले. खरं तर त्यांना पाहवणार नव्हतं. लाकडी बाकावर झंडी, तिच्या नाकाशी क्लोरोफॉर्मचा बोळा धरून मी.

"माझ्याकडं पाहू नका," तेजराम म्हणाला. "तिच्या श्वासाकडं पाहा."

"मी तुमच्याकडं कावून पाहीन!" मी म्हटलं. पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

पाय निघाला. रक्त थांबवायला मांडीला बांधलेली रबरी नळी सैल करून तो शिरेला दोरा घालणार, तेवढ्यात बाक थरथरलं. शिट्टी! कारखान्याचं सामान घेऊन कुठलीतरी स्पेशल गाडी, ना वेळेत ना काळात. भिंती हादरू लागल्या, सुई-कात्री खणखणून खाली पडली, दोरा सुटला आणि रक्ताची चिळकांडी उडाली.

"बोट!" तो ओरडला. "माझ्या बोटावर बोट ठेवा, दाबून!"

मी ठेवलं. त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा, खाली ते गरम रक्त आणि तो इवलासा ठोका... धडधडत डबे जातच होते, जातच होते. लांब गाडीवर खूश होणारी मी, त्या दिवशी प्रत्येक डब्याला शिव्या घातल्या. समोर पाहिलं तर त्याचं कपाळ घामानं भिजलेलं, ओठ घट्ट मिटलेले. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच भीती होती, आणि ती आम्ही दोघांनी मिळून दाबून धरली होती.

गाडी गेली. भिंती थांबल्या. आमची बोटं मात्र क्षणभर तशीच राहिली.

"सोडा आता," तो हळूच म्हणाला. "मले गाठ मारू द्या."

झंडी जगली. पण उठेना. दूध चाटायची, डोळे उघडायची आणि परत मान टाकायची. तेजराम रोज यायचा. "आज उठंल," म्हणायचा आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं सायकल काढायचा. बाबा तिच्या उशाशी बसायचे, ओठ हलायचे, पण शब्द बाहेर येत नव्हता.

अशात अंजनाकाकूंनी स्थळ आणलं. "कारखान्यात क्रेनवर हाय पोरगा. कॉलनीच्या सेक्टरमधी पक्कं क्वार्टर भेटते त्याले, नळाचं पाणी! अन् ही पोट्टी त्या ढोर-डॉक्टराच्या नादी लागली. शेणाचा वास येते त्याच्या हाताले! भाऊजी, तुम्ही बोला ना काही."

बाबा झंडीच्या अंगावरून हात फिरवत राहिले. काकू वाईट नव्हत्या, माझ्या आईच्या मागं त्यांनीच मला वेणी घालायला शिकवली. त्यांना माझं भलंच दिसत होतं. फक्त मला दिसत होतं ते वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उत्तर घ्यायला आल्या. बाबा पायरीवर, झंडी ओसरीत गोणपाटावर, मी दारात. तेवढ्यात कुंपणापाशी सायकल टेकवून तेजराम उभा राहिला. काकूंचं बोलणं कानावर पडलं असणार, कारण तो आत येईना. नुसता उभा.

झंडीनं मान उचलली. नाक हललं. पुढचे पाय टेकले, उठली, कोलमडली. परत उठली. तीन पायांवर डुलत, लटपटत, पायरी उतरून, बाबांना ओलांडून ती अंगणातून चालू लागली. तेजराम पुढं आला नाही. आहे तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं हात पुढं केला. ती पोचली, आणि त्याच हातावर तिनं आपलं तोंड टेकलं.

"ज्यानं पाय कापला, त्याच्याच जवळ गेली!" बाबा म्हणाले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! ते हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग ते वळले. भिंतीकडे नाही, झंडीकडे नाही, सरळ माझ्याकडे वळले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहतच राहिले.

"भामे... बाई, तू काय म्हणतं?"

मला रडू फुटलं. पण रडता रडता बोललेच. "मले हेच पाहिजेत, बाबा. क्रेनवाला नको."

"अवो माय!" काकू मटकन खाली बसल्या.

"मंग त्याले सांग ना," बाबा म्हणाले. "मले काय सांगतं?" आणि गाडीला दाखवायचा हिरवा बावटा उचलून ते गेटकडे निघाले, नाक ओढत. काकूंनाही त्यांनी सोबत नेलं.

अंगणात आम्ही दोघं आणि मधे झंडी. तेजरामचे कान लाल झाले होते.

"ऐकलं ना?" मी विचारलं.

"ऐकलं." त्यानं झंडीच्या कानामागं खाजवलं. "सत्यभामाबाई, विचार करा. लोक तुम्हाले ढोर-डॉक्टरीण म्हणतील."

"म्हणू द्या."

"क्वार्टर नाही मले. भाड्याची खोली हाय."

"तुमच्या तोंडून 'नाही' सोडून काही निघते का?"

"काकू बोलल्या ते खरं हाय. कोणाची म्हैस अडली की अर्ध्या ताटावरून उठून जा लागते. परत येतो तेव्हा अंगाले वास—"

"मंग विहिरीवर आंघोळ करूनच घरात याचं," मी म्हटलं. "आत्ताच सांगून ठेवते. पाणी मी तापवून ठेवीन."

त्यानं मान वर केली. गालाला खळी पडली, आणि या वेळी मी ती मन भरून पाहिली.

"येईन," तो म्हणाला.