कडी माझ्या बाजूला होती

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर उन्हाळ्यातली दुपार होती, पावणेतीन वाजलेले. जागा म्हणजे आमच्याच घरामागचं गॅरेज.

माझे बाबा निवृत्त फिटर. नवीन वस्तू विकत आणायची म्हटली की त्यांना अपमान वाटतो. गॅरेजच्या विटा पाडलेल्या बंगल्याच्या, पत्रे बंद कारखान्याचे. आणि बाजूचं लोखंडी दार एका जुन्या शीतगृहाचं.

त्या दाराला कडी एकाच बाजूला होती.

दुसऱ्या बाजूला नुसते ओरखडे... खालपासून वरपर्यंत.

"आपल्याला कडी आतून हवी, म्हणजे दार उलटं बसवू," बाबा म्हणाले. "ओरखडे जातील बाहेर. रंग मारला की झालं! लग्नाआधी मीही असाच रंग मारून आलो होतो, विचार तुझ्या आईला."

त्या दुपारी ते बाहेरून रंग देत होते. मी आत फळ्या ठोकत होतो.

"अरे, दार हलतंय. कडी लाव आतून."

मी लावली.

ब्रशचा आवाज येत होता. सर्र... सर्र...

मग तो थांबला.

आणि खरवडल्याचा आवाज सुरू झाला.

"उघड रे," बाबा म्हणाले. "मला बाहेर काढ."

मला हसूच आलं. "बाबा, बाहेर तुम्हीच आहात. आत मी आहे!"

"फार अंधार आहे... गारठलोय मी."

माझा हात कडीवर होता. सहज खाली बघितलं. दाराखालच्या फटीतून ऊन आत आलं होतं. लख्ख, अख्खं ऊन.

पाय दिसत नव्हते. सावलीसुद्धा नाही...

मी हात मागे घेतला.

खरवडणं वाढलं. वर, खाली, मध्ये, सगळीकडे एकाच वेळी. दोन हातांचं काम नव्हतं ते. पुढचं शटरही जुनंच, गंजून अडकलेलं, मोबाईल घरात. बाहेर पडायला हे एकच दार, कडी हाताशी, आणि ती काढायची हिंमत होईना. खोटं कशाला सांगू, कोपऱ्यात कान दाबून रडत बसलो.

शेवटी आईची किंकाळी आली. "अरे, दार उघड! बघ बाबांना काय झालंय!"

फटीत तिच्या चपला दिसल्या. तेव्हा मी कडी काढली.

बाबा दाराला टेकून उन्हात बसले होते. अगदी त्या फटीसमोर. ओठ निळे, अंग बर्फासारखं गार. तुटलेल्या नखांत ओला रंग.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ऊन लागलेलं अंग गार कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

बाबा दवाखान्यात असतानाच मी रागाच्या भरात ते दार उपटलं. गॅस कटरने कडीसकट तुकडे करून भंगारात घातलं. वाटलं, पीडा टळली.

तिथेच चुकलो.

बाबा आता भर उन्हात अंगणात स्वेटर घालून बसतात. काल मी त्यांना पाणी द्यायला गेलो. त्यांनी हात पुढे केला...

तो मध्येच थांबला. कशाला तरी अडल्यासारखा. मग त्यांची बोटं हवेतच खरवडू लागली.

"कडी तुझ्याच बाजूला आहे ना रे?" ते म्हणाले. "काढ की आता."

कुठली कडी काढू मी?