कमरबी गोड बोलतात तेव्हा

"थांबा! तिथंच थांबा… हलू नका!"

नाजनीन दचकून जागच्या जागी उभी राहिली. पौडच्या बाजारात सर आली म्हणून ती एका दुकानाच्या पत्र्याखाली शिरत होती. खाली पाहिलं, तर पावलाशीच पिवळ्या ऑइल पेंटचा उघडा डबा. अजून थोडी पुढे सरकली असती, तर पांढरी सलवार पिवळी झाली असती.

"सॉरी हां, ओरडलो," हातात ब्रश घेऊन बसलेला तरुण म्हणाला.

"छे, छे. आधी थांबवायचं, कारण मागून. इशारा असाच द्यावा."

तो हसला. त्याचं नाव सिराज. मुळशीच्या पावसात फ्लेक्स टिकत नाहीत, चिंध्या होतात. म्हणून आसपासच्या गावांच्या पाट्या अजूनही पत्र्यावर, सिराजच्याच हातच्या.

"तुम्ही ओढ्यापलीकडच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम ना? मग एक सांगा. तिथल्या फरशी पुलाची पाटी हाय ही. हिंजवडीची पोरं येतात फिरायला, इंग्रजीतबी लिहायचंय. 'वॉर्निंग' बरोबर हाय ना?"

"अगदी बरोबर. 'अवेअर' शब्द माहीत आहे? 'वॉर्न' त्याचाच नातलग. घाबरवणं नाही, समोरच्याला सावध करणं."

"शब्दांनाबी नातलग असतात?"

"भरपूर. फक्त ते लग्नात रुसून बसत नाहीत."

सिराजचा ब्रश घसरला आणि पाटीवरच्या पहिल्याच अक्षराला शेपूट फुटलं. पाऊस केव्हाच थांबला होता… नाजनीन मात्र ते अक्षर नीट होईपर्यंत तिथेच उभी होती.

त्यानंतर सिराजला इंग्रजीच्या फारच अडचणी येऊ लागल्या. 'इथे गाडी लावू नये', 'कुत्र्यापासून सावध' — विचारायला काहीतरी निघायचंच. नाजनीनची शाळा सुटली की बावधनला घरी जाताना तिची स्कूटी आपोआप त्या पत्र्यापाशी थांबायची.

एकदा शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून आवाज आला, "ए मुडद्या! सायकल माझ्या दारात लावतुयास व्हय? तुज्या बापानं दार घेतलंय का विकत?"

"माझी अम्मी," सिराज कान धरत म्हणाला. "ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"स्कोल्ड. आणि गंमत सांगू? हा शब्द बहुतेक युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या 'स्काल्ड'वरून आलाय. स्काल्ड म्हणजे कवी."

"कवी?"

"हो ना. कवितेत एखाद्याची अशी काही उणीदुणी काढायचे, की लोक वचकून असायचे."

"म्हणजे आमची अम्मी पौडची मोठी कवी झाली की!"

दोघं हसली. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवत सिराज म्हणाला, "मॅडम… सगळ्या पाट्या संपल्या. आता विचारायला शब्द न्हाई राहिला. तरी… तुम्ही येत जाल का?"

नाजनीनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम म्हणणं सोडलंत, तर येईन."

नाजनीनच्या वडिलांना मुलगा आवडला. पण ते म्हणाले, "मागणी घालायला मुलाच्या आईनं आपल्या पायांनी घरी यावं. त्यांच्या मनाविरुद्ध माझी मुलगी त्या घरात जाणार नाही." सगळं येऊन थांबलं ते सिराजच्या अम्मीपाशी, कमरबींपाशी.

पहिल्या भेटीला नाजनीन दुकानामागच्या घरात अगदी सांभाळून बसली. तरी हात लागून बांगड्यांचा एक अख्खा डबा कलंडला. काचा काचा झाल्या.

"असू द्या मॅडम, काचच ती," कमरबी हसून म्हणाल्या. "चहा घ्या. साखर बरोबर हाय ना मॅडम? आजून घालू?"

बाहेर आल्यावर नाजनीन म्हणाली, "किती गोड आहेत तुझ्या अम्मी!"

सिराजचा चेहरा पडला होता. "त्येच तर वाईट हाय. तुला ठाऊक न्हाई. अम्मी आपल्या माणसालाच बोलती. परक्याशी साखर. मागं माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, ते नाकारायचं होतं, तर त्यांना शिरखुर्मा खाऊ घालून, एसटीत बसवून आली."

"पण माझं चुकलं काय?"

"काय न्हाई. तिला वाटतंय, लग्नानंतर तू मला बावधनला नेशील."

"तिथे नेऊन काय करू तुला? तिथे सगळे फ्लेक्स आहेत!"

त्यानंतरही नाजनीन दोन-चारदा गेली. प्रत्येक वेळी 'मॅडम', प्रत्येक वेळी आणखी साखर. तो चहा तिला आता घशाखाली उतरेना. शेवटी एका गुरुवारी कमरबी सिराजला म्हणाल्या, "उद्या बोलव तुज्या मॅडमला. काय ते सांगून टाकते."

शुक्रवारी पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. शाळा सुटायला उशीर झाला. मोठ्या रस्त्याने वळसा पडला असता, म्हणून नाजनीनने स्कूटी फरशी पुलाकडे वळवली. पुलावरून पाणी वाहत होतं. शेजारीच पाटी होती, सिराजच्या हातची, तिने स्वतः तपासलेली: 'पाणी असताना पूल ओलांडू नये.' तिने वाचली… आणि तरी गाडी घातली. घोटाभरच तर दिसतंय, उशीर झाला तर त्यांना काय वाटेल?

अर्ध्यात स्कूटी बंद पडली. पाणी गुडघ्याला लागलं आणि चाक सरकू लागलं. काठावरून म्हशी घरी हाकणारे गावातले हैबतराव धावत आले. त्यांनी एका हाताने तिचा दंड धरला आणि दुसऱ्याने गाडी ओढली.

ओलीचिंब नाजनीन बांगड्यांच्या दुकानात उभी राहिली. पाण्यात एक चप्पल गेली होती. मागून हैबतराव म्हणाले, "कमरबी, ह्या तुमच्या पाव्हण्या आज ओढ्यातनं थेट नदीला चालल्या व्हत्या."

कमरबींच्या हातातला बांगड्यांचा तोडा खाली पडला.

"डोळं फुटलं व्हतं का गं तुजं?" त्या कडाडल्या. "ती यवढी पिवळी पाटी दिसली न्हाई? पोरांना शिकवतीस, आन स्वतःला अक्कल न्हाई व्हय? वाहून गेली असतीस तर? माझ्या पोरानं काय पाट्या रंगवत बसायचं जलमभर?"

"अम्मी, मी… उशीर होईल म्हणून…"

"मर तू तुज्या उशिराला घिऊन! मी काय पळून चालले व्हते? आन ती चप्पल कुटं टाकलीस? ए सिराज, दात काय काढतुयास? टावेल आण!"

अख्खा बाजार ऐकत होता. नाजनीनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठांवर हसू मावत नव्हतं. कमरबी टॉवेलने तिचे केस खसाखसा पुसत होत्या, डोकं हलेल इतक्या जोरात.

"हसतीया बघा! तुज्या बापाला सांग, रविवारी येतीय मी बावधनला. अशी पोर सोडत्यात व्हय पावसात? चांगली बोलणार हाय त्यास्नीबी. आन बरोबर कुनाकुनाला न्यायचं, ते ठरवते मी."

सिराजने भिंतीला टेकून एवढा मोठा श्वास सोडला, की हैबतराव मिशीत हसले.

कोरडे कपडे घालून नाजनीन चुलीपाशी बसली, तेव्हा सिराज हळूच वाकला. "ह्याला काय म्हणायचं गं? स्कोल्ड?"

"अं हं. रिप्रोच. बोल लावणं," ती पुटपुटली. "बरेच जाणकार म्हणतात, मुळात त्याचा अर्थ… जवळ आणणं."

"काय कुजबुज चाललीया?" कमरबींनी कप तिच्यापुढे आदळला. "पी गुमान."

नाजनीनने एक घोट घेतला. चहात साखर नव्हतीच.

"अम्मी, साखर—"

"मग? मी उठू व्हय? फळीवर डबा हाय, हात न्हाईत का तुला?"

नाजनीन उठली. मागे सिराज हसू दाबत होता. तिने फळीवरचा डबा काढला आणि आपल्या हाताने चमचाभर साखर घातली.