गेटसमोरची पांढरी स्कूटर

आम्रपालीने खिडकीतून खाली पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आजही ती पांढरी स्कूटर त्यांच्या गेटसमोर आडवी!

बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत गेटला कोणी गेट मानत नसे. शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न असलं की वऱ्हाडाच्या गाड्या वाट्टेल तिथे लागायच्या. मागच्या महिन्यात अशाच एका गाडीने त्यांच्या कारची वाट अडवली आणि बाबांचं डायलिसिस चुकलं. रात्रभर त्यांना धाप लागली होती. दुसऱ्याच दिवशी तिने पाटी लावली : 'हे गेट आहे. शंका असल्यास आत येऊन विचारावे. गाडी मात्र दुसरीकडे लावून यावे.'

आणि तरी ही स्कूटर! समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या वरदची.

"अहो, पाटी वाचता येत नाही? चष्मे विकता ना?"

"वाचली की. अक्षर छान आहे," म्हणत तो स्कूटर बाजूला घ्यायचा. ती वर गेली की पुन्हा आडवी!

नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. जागा बळकावतोय? की घरावर पाळत ठेवतोय? कारण मंगळवारी-शुक्रवारी ती बाबांना डायलिसिसला घेऊन निघायच्या आधीच स्कूटर हललेली असायची. याला वेळ कोणी सांगितली? आणि ते सारखं वर बघणं… भांडायला जाताना आपण केस का विंचरतो, हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी तिने पोलिसांना फोन केला. टोइंगवाल्यांनी स्कूटर उचलली. ती खुशीत बाबांना घेऊन खाली आली, तर — त्याच जागी एक भलीमोठी काळी गाडी! कार्यालयात सनई वाजत होती. आत शेकडो पाहुणे, त्यात मालक कुठे शोधायचा? बाबा गेट धरून उभे. ती गाडीच्या काचा बडवू लागली.

दुकान उघडं टाकून वरद कार्यालयात धावला. सनई थांबली. लाउडस्पीकरवर त्याचा आवाज आला, "काळ्या गाडीवाले, आधी बाहेर या! अक्षता नंतर टाका!"

बाबा वेळेत पोचले. संध्याकाळी ती दुकानात गेली.

"स्कूटर मीच उचलायला लावली."

"माहितीये."

"मग मदत का केलीत?" संशय अजून गेला नव्हता.

"जागा मोकळी दिसली की कोणीतरी मोठी गाडी घुसवतं. स्कूटर निदान ढकलता येते. मी हँडल कधी लॉकच केलं नाही. तुम्ही ढकलून पाहिलीच नाहीत."

"आणि आमची वेळ?"

"बाबांनी सांगितली. चष्मा दुरुस्तीला आले होते."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे… सगळं बाबांसाठी?"

"पहिले दोन-तीन दिवस, हो. मग तुम्ही भांडायला खाली येऊ लागलात…"

स्कूटर सोडवून दोघं परतली, तेव्हा तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. गेटपाशी त्याने विचारलं, "कुठे लावू?"

"जिथे लावता तिथेच. फक्त हँडल लॉक करा."

"का?"

"ढकलून कोणी नेली तर?" तिने हात पुढे केला. "आणि चावी माझ्याकडे."

"मला जायचं असेल तर?"

तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "बेल वाजवायची… वर येऊन."