गाडी तापेपर्यंत

सिग्नल हिरवा झाला आणि माझी गाडी जागची हलेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं गुरगुरायचं… मागून भोंग्यांचा कल्लोळ. मी आणखी जोरात दाबलं. थांबणं मला जमतच नाही.

काचेवर टकटक झाली. ऑइलने माखलेल्या हातांचा एक उंच माणूस शांतपणे म्हणाला, "दाबू नका. आतल्या क्लच प्लेटा जळतील."

कोपऱ्यावरच त्याचं ऑटोमॅटिक गाड्यांचं गॅरेज होतं. गाडी न्यूट्रलला टाकून त्याने ती ढकलत आत नेली, गिअर ऑइलचा वास घेतला आणि नाक मुरडलं. ऑइल करपलं होतं. बाबांच्या ओळखीचा मेकॅनिक फोनवर अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणत होता. हा म्हणाला, आधी ऑइल आणि फिल्टर बदलून बघू. मला सोमवारी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू व्हायचं होतं, तेही याच गाडीने. मी फोन करकरून याचं डोकं खाल्लं.

ऑइल बदललं, तरी गिअर पडताना धक्का बसायचाच – पण फक्त गाडी तापल्यावर. म्हणून रोज संध्याकाळी ट्रायल. मी चालवायची, त्याने गिअरचा प्रत्येक धक्का रेघेवर दाखवणारा स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसायचं. आणि त्याचा नियम काय, तर गिअरचा आवाज ऐकायचा असतो म्हणून ट्रायलला कुणी बोलायचं नाही! मी झोपेतसुद्धा बडबडते, असं आई म्हणते. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं आणि तोंडावर सांगितलं. तो खिडकीबाहेर बघून हसला, आणि माझ्या काळजात काहीतरी लक्कन हललं.

शेवटी दोष सापडला. ऑइलची वाट उघडणारा सोलेनॉइड तापला की अडकत होता. त्याने तो बदलला. रविवारी शेवटची ट्रायल. गाडी चांगली तापली, तरी गिअर अलगद पडत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता… रडू येत होतं. उद्या मी जाणार होते. आणखी एक फेरी मारू, मी म्हणाले. तो नको म्हणाला नाही. पुन्हा तोच सिग्नल लागला.

"आत्ता धक्का जाणवला ना?" मी विचारलं.

स्कॅनरवरची रेघ सरळ होती. मलाही दिसत होती. त्याने स्कॅनर बंद केला.

"जाणवला," तो म्हणाला. ट्रायलमध्ये पहिल्यांदाच बोलत होता. "पुढच्या रविवारी तिकडे येतो… बघायला."

"गाडी?"

"गाडी ठणठणीत आहे."

"तुम्ही मला फार आवडता," मी सांगूनच टाकलं.

तो कानापर्यंत लाल झाला. सिग्नल हिरवा झाला, मागून भोंगे सुरू झाले.

"आता दाबा," तो म्हणाला.

पण मला अजिबात घाई नव्हती.