गाऱ्हाण्यातली दोन नावं

“खाली बघू नको. माझ्या आवाजाकडे बघ.”

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, एका कड्यावर धुकं उतरलं होतं आणि योगिनीचे पाय जागीच रुतले होते, तेव्हा वरून कुणीतरी एवढंच म्हणालं होतं. चेहरा दिसलाच नाही. एक हात खाली आला, त्यानं तिला वर ओढून घेतलं आणि तो धुक्यातच दुसऱ्या गटाबरोबर निघून गेला. त्याला कितीतरी वर्षं झाली. पण अडचणीत सापडली की योगिनीला अजून तो आवाज ऐकू यायचा, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला.

आणि आज सकाळी, खेडच्या एसटी स्टँडवरच्या बाकावर, कुणीतरी पाठीमागून म्हणालं, “ताई, बॅग जरा सरकवता? नाहीतर मला मांडीवर तरी घेऊन बसा.”

योगिनी वळली. उन्हानं रापलेला चेहरा, बोटांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग… आणि तोच आवाज.

“ताई कुणाला म्हणता?” ती म्हणाली आणि बॅग मात्र लगेच सरकवली.

तो संदेश. दापोलीच्या एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचा. आणि चालला होता तिच्याच गटाबरोबर — रसाळगड, सुमारगड आणि मुक्कामाला महिपतगड.

खरं तर योगिनीला यायचंच नव्हतं. सोमवारी बाबांना उत्तर द्यायचं होतं. लांज्याचं स्थळ, काजूचा कारखाना, माणसं भली, मुलगाही चांगला. ‘नाही’ म्हणायला कारण सापडत नव्हतं आणि ‘हो’ म्हणायला जीभ वळत नव्हती. मैत्रीण समीक्षानं तिला ओढूनच आणलं होतं. “डोंगर चढ. वर पोचेपर्यंत एक काहीतरी ठरेल,” म्हणाली होती.

चढ मात्र जीव काढणारा होता. कारवीच्या रानात वारा शिरत नव्हता, घामानं कपडे अंगाला चिकटले होते. पुढं वाटाड्या धाकूकाका कोयत्यानं झुडपं सारत होते, मागं संदेश.

“तुमचे गुडघे वाजतायत,” योगिनी मागं न बघता म्हणाली. ती रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट होती.

“पाचोळा वाजतोय.”

“पाचोळा लंगडत नाही.”

“मग उपचार करा की.”

“फी परवडायची नाही.”

“कलमं देईन. हापूसची. फळ धरेपर्यंत तपासायला यावं लागेल मात्र…”

तिनं हसू लपवायला पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर बाटली त्याचीच निघाली. त्यावरून दोघं पुढच्या वळणापर्यंत भांडली.

सुमारगडाच्या कातळावर ती अर्ध्यातच अडकली. खाली हिरवीगार खोल दरी. संदेश तिच्याआधी वर चढला होता. तो वाकला आणि म्हणाला, “खाली बघू नको. माझ्या आवाजाकडे बघ.”

ती वर आली ती त्याच्याकडे टक लावूनच. “हे सगळ्यांना म्हणतोस?”

“एकदाच म्हटलं होतं. धुक्यात. एक मुलगी रडत होती.”

“रडत नव्हते मी.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा हात त्याच्या हातात होता तो तसाच राहिला — समीक्षानं खालून “आम्ही पण आहोत” असं ऐकवेपर्यंत.

दिवेलागणीला सगळी महिपतगडाच्या माथ्यावर पोचली. इथं मुक्काम करायचा तर आधी देवळात जाऊन पारेश्वराला गाऱ्हाणं घालायचं. धाकूकाकांनी नावं विचारली, संदेशनं एका दमात सांगून टाकली. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा पारेश्वरा, ही लेकरां आज तुझ्या दारात आली हायत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“रानातनं येताना काय चुकलंमाकलं आसंल तं पदरात घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आन् ह्ये संदेश नि योगिनी, ह्या जोडप्याचा संसार सुखाचा कर, नि फुडल्या साली तिघांनी तुझ्या पाया पडाय येऊ दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाणं घालणारा थांबला की ‘व्हय’ निघायचाच. सगळ्यांचा निघाला. संदेशचाही. योगिनीचाही. मग अर्थ लक्षात आला. समीक्षा ओढणीत तोंड खुपसून खोकत राहिली आणि संदेश नारळाकडे असा बघत बसला, जणू तो पहिल्यांदाच नारळ बघत होता.

जेवणं झाल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला. शेकोटीपलीकडं रान गार पडत चाललं होतं.

“नावं मी जोडून सांगितली. म्हणून काकांचा घोळ झाला.” तो अडखळला. “समीक्षा म्हणाली, लांज्याचं… सोमवारी उत्तर द्यायचंय तुला. उगाच देवाच्या कानावर भलतं नको. सकाळी दुरुस्त करून घेऊ.”

किती काय ओठांवर आलं. ती म्हणाली, “बरं.”

ते ‘बरं’ तिला रात्रभर टोचत राहिलं, अंथरुणाखालच्या खड्यासारखा.

सकाळी दऱ्या धुक्यानं काठोकाठ भरल्या होत्या. संदेशनं सांगितलं तेव्हा धाकूकाकांनी कानाला हात लावला.

“म्हंजे तुमी नवराबायको न्हाय? मंग काल बाटलीवरनं येवढं भांडत कशाला व्हतात?”

“चुकलं, काका. आता उलटं गाऱ्हाणं घालता येईल ना?”

“येतंय की. पन आमच्याकडं जिच्या नावानं घातलं, तिनं सोता देवाम्होरं बोलाय लागतं. दुसऱ्याचं चालत न्हाय.” काका योगिनीकडं वळले. “बोल गो बाय. माघारी घेऊ?”

संदेश देवळाच्या खांबाशी उभा राहून खाली बघत होता. आज बोलायचं तिचंच होतं. योगिनीनं हात जोडले.

“नको, काका. माघारी घेऊ नका.” ती देवाकडे बघूनच बोलत राहिली. “लांज्याचं माझ्या मनात कधीच नव्हतं. कारण सापडेना म्हणून गप्प बसले. आता बाबांना तसंच सांगेन. आणि संसार, तिघं… त्याची देवाला म्हणावं घाई नाही. पण संदेश मला आवडतो. कालचा ‘व्हय’ सगळ्यांचा सवयीनं गेला असेल. माझा नव्हता गेला.”